मंडळाची टूर्नामेंट यूट्यूबवर लाइव्ह करायचीय? मग आधी हे वाचा

आमच्या मंडळाची टेनिस बॉल क्रिकेटची ओव्हरआर्म (हात वरून फिरवून बॉल टाकायची) टूर्नामेंट दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तालुका मर्यादित, म्हणजे टीम सगळ्या गावाच्या नावाने पण पोरं सगळी मुंबईत कामाला, कोणी परळचं, कोणी भांडुपचं, कोणी नालासोपाऱ्यावरून पहाटेची लोकल पकडून येणारं. बघणारे अर्धे इथे मैदानावर आणि अर्धे तिकडे गावात. गेली चार वर्षं लाइव्हचं काम माझ्याकडे आहे आणि दर सीझनला कुठल्यातरी दुसऱ्या मंडळाचा फोन येतो, दादा आम्हालाही करायचंय, काय काय लागतं, मग मी अर्धा तास तेच सगळं परत सांगतो. म्हणून आता एकदाच लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. लाइव्ह हे मैदानावर नसलेल्या माणसासाठी असतं. ऐकायला साधं वाटतं पण सगळे इथेच चुकतात. आपण कॅमेरा किती भारी, ड्रोन आणायचा का, यावर मीटिंगा घेतो आणि तिकडे गावात काका ओट्यावर बसून रेंजच्या एका कांडीवर मॅच बघत असतात, त्यांना चित्र धूसर दिसतं, बॉल तर दिसतच नाही. त्यांना काय हवं असतं? स्कोअर किती, बॅटिंग कोण करतंय आणि आत्ता काय झालं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी स्कोअर, मग आवाज, मग चित्र. पैसे आणि माणसं याच क्रमाने लावा.

स्कोअर

क्रिकहिरोजसारखं स्कोअरिंग अ‍ॅप घ्या, आता बहुतेक पोरांना ते येतंच. टूर्नामेंट आधी तयार करून ठेवा, टीम आणि खेळाडूंची नावं आदल्या रात्रीपर्यंत भरून घ्या, नाहीतर टॉस झाल्यावर अकरा नावं टाइप करताना दोन ओव्हर निघून जातात. खेळाडूचा मोबाईल नंबर टाकताना त्याला विचारून टाका, आणि अठराच्या आतलं पोरगं असेल तर घरच्यांना विचारा.

स्कोअरर दोन हवेत. एक अ‍ॅपवर, एक वहीवर. वहीवाला माणूस ठेवलाच पाहिजे, यात तडजोड करू नका, कारण मोबाईल हँग होतो, बॅटरी जाते, आणि दहा ओव्हरच्या मॅचमध्ये एका रनावरून भांडण लागलं तर दोन्ही कॅप्टन वहीकडेच बघतात. दर ओव्हर संपली की दोघांनी टोटल जुळवायची, फक्त तोंडाने, "बेचाळीस तीन?" "बेचाळीस तीन." झालं.

स्क्रीनवरची स्कोअरपट्टी शक्य तितकी मोठी ठेवा. टीव्हीवर असते तशी बारीक सुंदर पट्टी मोबाईलवर वाचता येत नाही. आम्ही धावसंख्या, विकेट, ओव्हर आणि दुसऱ्या डावात "किती बॉलमध्ये किती हवे" एवढंच ठेवतो, मराठीत, काळ्यावर पिवळ्या अक्षरात.

लॅपटॉपवरून लाइव्ह पाठवायचं काम कोणाला द्यायचं

गेम खेळणाऱ्या पोराला. मी मनापासून सांगतोय. आमच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर एक मुलगा आहे, कॉलेजला, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर बॅटल रॉयल खेळायचा आणि ते लाइव्ह दाखवायचा, बघणारे पंधरा-वीस जण. त्याची आई वैतागलेली, आम्हीही त्याला बोलायचो की मैदानात ये जरा. पहिल्या वर्षी आमचं लाइव्ह दर दहा मिनिटांनी अडकत होतं तेव्हा तोच खाली उतरला आणि म्हणाला, दादा तुमचा बिटरेट जास्त आहे. बिटरेट म्हणजे सेकंदाला किती डेटा नेटवर पाठवतोय ते, आम्हाला तेव्हा हा शब्दही माहीत नव्हता.

नंतर लक्षात आलं की घरी बसून एका माणसाने मॅच जगाला दाखवायची, ही सगळी रीत गेम खेळणाऱ्यांनी रुळवलीय. ट्विच नावाचं संकेतस्थळ २०११ साली आलं ते गेम लाइव्ह दाखवण्यासाठीच, आणि ओबीएस नावाचं, चित्र, आवाज आणि स्कोअर एकत्र करून लाइव्ह पाठवणारं फुकट सॉफ्टवेअर २०१२ साली आलं जे आज गेमवालेही वापरतात आणि आमचं मंडळही. ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांच्या, मॅचमध्ये ऑब्झर्व्हर नावाचा एक माणूस असतो, तो स्वतः खेळत नाही, कोणाचा खेळ कधी दाखवायचा एवढंच ठरवतो. आमचा पोरगा तेच काम मैदानावर करतो. आणि याला टाइमपास म्हणायचे दिवस आता गेले, २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय होतं, म्हणजे त्याची मेडलं अधिकृत यादीत धरत नव्हते, आणि आपल्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ आणलं, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याला क्रीडा मंत्रालयाखाली घेतलं, आणि हांगझोऊच्या गेम्समध्ये, जे २०२३ ला झाले, तिथे ई-स्पोर्ट्सला खरी मेडलं होती. तुमच्या वाडीतही असा एक पोरगा असणारच, त्याला शोधा आणि मानाने बोलवा. कमिटीच्या बॅनरवर त्याचं नाव टाका, आम्ही टाकतो.

नेट, इथेच सगळं अडतं

चॅनल आधी उघडा, टूर्नामेंटच्या दिवशी नाही. यूट्यूब पहिल्यांदा लाइव्ह चालू करायला नंबर व्हेरिफाय करून घेतं आणि मग २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. थेट मोबाईलच्या अ‍ॅपमधून लाइव्ह करायचं तर निदान ५० सबस्क्रायबर लागतात, लॅपटॉपवरून ओबीएसने केलं तर ती अट नाही. ५० काही कठीण नाही म्हणा, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की संध्याकाळपर्यंत होतात.

आता स्पीड. ७२०पी (साध्या एचडी) चित्रासाठी साधारण ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) अपलोड, म्हणजे आपल्याकडून नेटवर जाणारा स्पीड, लागतो. अपलोड, डाउनलोड नाही, हे चार वेळा वाचा, कारण स्पीड टेस्टला लोक मोठा आकडा बघून खूश होतात आणि तो डाउनलोडचा असतो. हातात दुप्पट ठेवा, म्हणजे टेस्टला अपलोड ८ तरी दिसायला हवं. आणि ४ एमबीपीएस म्हणजे तासाला जवळपास १.८ जीबी, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर एक मॅच धड पूर्ण होत नाही. दिवसभराच्या दहा तासांना १८ जीबी धरा.

टेस्ट कधी करायची, तर मागच्या वर्षीच्या फायनलला जेवढी गर्दी होती तेवढ्या गर्दीत. सकाळी सातला रिकाम्या मैदानात ५जी पळतं, रात्री नऊला हजार माणसं आली आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, की तोच टॉवर गुदमरतो. म्हणून सिमवर विसंबू नका. मैदानाला लागून ज्यांचं घर आहे त्यांच्याकडे वायफाय असेलच, त्यांना विनंती करा, महिन्याचं बिल मंडळाने भरा, आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅन वायर खेचा. ही वायर १०० मीटरपर्यंत नीट चालते. आम्ही पहिल्या माळ्यावरच्या आजींच्या घरून घेतो, गॅलरीतून सुतळीने बांधत बांधत खाली स्कोअररच्या टेबलापर्यंत. रस्ता ओलांडून नेऊ नका, टेम्पो येतो आणि वायर जाते.

आता आमचा सगळ्यात वाईट दिवस सांगतो कारण त्यातून एक खूप कामाची गोष्ट कळली. दुसऱ्या वर्षीची सेमीफायनल, शेवटच्या ओव्हरला नऊ हवे, आणि लाइट गेली. मैदानावर जनरेटर होता, मॅच चालू राहिली, पण आजींच्या घरचा राउटर बंद. दोन मिनिटांनी लाइट आली, नेट आलं, पण यूट्यूबने लाइव्ह संपवून टाकलं होतं. नवीन लिंक केली, ग्रुपवर टाकली, तोपर्यंत मॅच संपलेली. जिंकलेल्या टीमच्या गावात देवळासमोर पडदा लावून दीडशे माणसं बसली होती आणि त्यांना शेवटचा सिक्स दिसलाच नाही. मला ते अजून लागतं.

तर यूट्यूब स्टुडिओत लाइव्हच्या सेटिंगमध्ये ऑटो-स्टॉप असतं ते बंद करा. मग नेट गेलं तरी लिंक जिवंत राहते आणि परत आलं की त्याच लिंकवर चित्र चालू होतं. फक्त शेवटी हाताने बंद करायला विसरू नका. आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. तिथेच आणखी एक, "मुलांसाठी बनवलंय का" असं विचारतात तिथे नाही करा, हो केलं तर लाइव्ह चॅट बंद होतं, आणि गावच्या लोकांची निम्मी मजा चॅटमध्येच असते.

कॅमेरा

मोबाईल पुरतो. ड्रॉइडकॅमसारखं अ‍ॅप टाकलं की मोबाईल ओबीएसमध्ये कॅमेरा म्हणून दिसतो, वायफायवर किंवा केबलने. जागा मात्र नीट निवडा, बॉलरच्या पाठीमागे, सरळ रेषेत, आणि उंचावर. चाळीची गॅलरी मिळाली तर सोनं. बाजूने लावलेला कॅमेरा मैदानावरच्या माणसाला चालतो कारण त्याला आजूबाजूचं सगळं दिसत असतं, पण घरी बसलेल्याला बॉल कुठे पडला तेच कळत नाही. ट्रायपॉड रेलिंगला बांधून टाका आणि मग त्याला हात लावू नका. आम्ही पहिल्या वर्षी प्रत्येक बॉलमागे कॅमेरा फिरवायचो, गावाहून निरोप आला की डोळे दुखतात.

फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा, नाहीतर बरोब्बर मॅचच्या मध्ये कोणाचा तरी फोन येतो. दुपारच्या उन्हात फोन तापून कॅमेरा बंद पडतो, त्याच्यावर छत्री बांधा आणि मागचं कव्हर काढा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, तो पिचवर लॉक करा.

रात्रीच्या मॅचला एक वेगळंच दुखणं असतं. चित्रात पट्ट्या सरकताना दिसतात, लाइट फडफडते. आपल्याला वाटतं फोन खराब. तसं नाही, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॅलोजन आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आपल्या डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, जिथे सेटिंग हाताने बदलता येतं, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ किंवा ५०, पट्ट्या जातात. मला हे कळायला पूर्ण एक सीझन लागला.

आवाज

कॉमेंट्री हा आपल्या टेनिस क्रिकेटचा जीव आहे. चांगला समालोचक असेल तर माणूस चित्र न बघता खिशात फोन ठेवून ऐकतो, शेतात, रिक्षात, कुठेही. तर कॅमेऱ्याच्या फोनचा माईक वापरू नका, त्यात वारा आणि गॅलरीतल्या गप्पा येतात. समालोचकाचा माईक मिक्सरमधून यूएसबी साउंड कार्डने थेट लॅपटॉपला द्या, लेव्हल कमी ठेवून सुरुवात करा, फाटलेला आवाज कोणालाच ऐकवत नाही.

डीजेचं गाणं लाइव्हमध्ये जाऊ देऊ नका. फोर-सिक्सला गाणं वाजलं की यूट्यूब ते ओळखतं, मग त्या जागी आवाज बंद होतो किंवा पूर्ण लाइव्हच अडवलं जाऊ शकतं. म्हणूनच माईक थेट घ्यायचा, गाणं मैदानापुरतं राहतं. ज्यांना अगदीच हवं त्यांनी दोन ढोल-ताशे बोलवावेत, आम्ही बोलावतो, मैदानालाही शोभतं.

आणि रात्री दहाचा नियम पाळा. दहानंतर भोंगा बंद म्हणजे बंद, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत आणि मैदानाभोवती परीक्षेची पोरं, आजारी माणसं राहतात. पण कॉमेंट्री थांबवायची गरज नाही! स्पीकर बंद करा, माईक चालू ठेवा. आमचा समालोचक दहानंतर हळू आवाजात फक्त लाइव्हसाठी बोलतो, मैदान शांत आणि गावात कॉमेंट्री चालू. मैदानावरचे प्रेक्षकही मग कानात इअरफोन घालून बसतात, पण यूट्यूब काही सेकंद मागे असतं त्यामुळे त्यांना विकेट पडल्यावर विकेट ऐकू येते, त्याला इलाज नाही.

थर्ड अंपायर

हे आलंच. टीव्ही बघून ज्याला पहिल्यांदा आउट दिलं तो आपलाच, सचिन, डर्बनला, नोव्हेंबर १९९२ मध्ये, रनआउट. आता प्रत्येक मंडळाला थर्ड अंपायर हवा असतो. करा, पण मर्यादा समजून करा.

दोन्ही बाजूंना एकेक फोन, क्रीझच्या अगदी रेषेत, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर. थोडा जरी तिरका असला तरी निर्णय खोटा येतो. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, जोरात पळणारा बॅट्समन सेकंदाला सहा मीटर जातो म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये तो २० सेंटिमीटर सरकतो, आणि आपलं भांडण दोन इंचांचं असतं. स्लो मोशनला १२० फ्रेमवर ठेवलं तर तेच अंतर ५ सेंटिमीटरवर येतं, म्हणून तेच वापरा. दर ओव्हरला नवीन क्लिप, जुनी उडवायची, नाहीतर फोन भरतो. आणि बॉल १०० च्या स्पीडने आला तर ३० फ्रेमच्या व्हिडिओत तो एका फ्रेममध्ये जवळजवळ तीन फूट पुढे जातो, म्हणून बॅटची कड लागली का, नो बॉल कंबरेवर होता का, हे मोबाईलवर बघायला जाऊ नका.

नियम कॅप्टनच्या मीटिंगलाच लिहून द्या. फक्त रनआउट, स्टंपिंग आणि बाउंड्री, दोन मिनिटांत दिसलं नाही तर बॅट्समनला फायदा, आणि विचारायचं की नाही हे अंपायर ठरवणार. प्रेक्षकांतून कोणी आपल्या मोबाईलमधला व्हिडिओ घेऊन आला तर तो बघायचा नाही. कितीही स्पष्ट असला तरी नाही.

पैसे आणि एक सावधानता

लाइव्ह बघणारे वाढले की स्पॉन्सर येतात, स्कोअरपट्टीखाली किराणावाला, गावाकडचा बिल्डर, कॅटरर्स, सगळे आनंदाने देतात. पण एखादा अनोळखी माणूस येऊन जास्तच पैसे देऊ लागला आणि पट्टीवर कुठल्यातरी बेटिंग अ‍ॅपचं नाव टाका म्हणाला, तर तिथल्या तिथे नाही म्हणा. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान दिलाय, तेवढा फरक आपल्यालाही कळला पाहिजे. आणि २०२२ साली गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात काय झालं आठवा, शेतमजुरांना जर्सी घालून खोटी आयपीएल खेळवली, यूट्यूबवर लाइव्ह दाखवली आणि रशियात बसलेल्या लोकांकडून सट्टा लावून घेतला. आपलं लाइव्ह नेमकं कोण आणि कशासाठी बघतंय यावर कमिटीने लक्ष ठेवावं, चॅटमध्ये कोणी सट्ट्याचा भाव बोलू लागला की लगेच ब्लॉक.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो, आमच्याकडे दोघांचे जुने फोन, मुलाचा लॅपटॉप, आणि विकत घेतलं ते फक्त लॅन वायर, साउंड कार्ड, दोन ट्रायपॉड आणि राउटरचा यूपीएस. ड्रोन कधीच आणला नाही.

लाइव्ह संपल्यावर

इथे बहुतेक मंडळं थांबतात आणि मला ते पटत नाही. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शाळेच्या मॅचमध्ये सचिन आणि कांबळीने ६६४ ची भागीदारी केली, आपल्याकडे आकडे आहेत, ३२६ आणि ३४९, दोघेही नाबाद, आणि बघितलेल्या माणसांच्या आठवणी. आज एखादं पोरगं तसं खेळलं तर ते पुन्हा बघता आलं पाहिजे, आणि ते आपल्या हातात आहे. टेनिसवाल्यांसाठी तर जास्तच, २०२४ पासून आयएसपीएल (इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग) सुरू झाली, पहिला सीझन ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमला, दहा ओव्हरची, टेनिस बॉलची, २०२५ ला आपली 'माझी मुंबई' टीम जिंकली. आता पोराला पुढे जायचं असेल तर दाखवायला त्याच्याकडे व्हिडिओ पाहिजे.

यूट्यूब १२ तासांच्या आतलं लाइव्ह आपोआप साठवतं, त्याहून लांब गेलं तर ते मिळेलच असं नाही. म्हणून दिवसभराचं एकच लाइव्ह करू नका, प्रत्येक मॅचचं वेगळं करा, नावात दोन्ही गावं, वर्ष आणि फेरी लिहा. मग खाली डिस्क्रिप्शनमध्ये वेळा टाका, पहिली ओळ ०:०० ची, नंतर प्रत्येक विकेट, प्रत्येक सिक्स, खेळाडूच्या नावासकट. एका मॅचला वीस मिनिटं लागतात. आमच्याकडे हे काम दोन मुली करतात, फायनल संपली की त्याच रात्री, आणि सकाळी ग्रुपवर लिंक जाते.

मागच्या वर्षी एका बॉलरच्या वडिलांचा गावाहून फोन आला. त्यांना मोबाईल नीट वापरता येत नाही, पोराची हॅटट्रिक बघायची होती. मी लिंक पाठवली, बरोबर त्या ओव्हरची वेळ लावून. शेजारच्या मुलीने उघडून दिली असं म्हणाले. नंतर परत फोन, तीच लिंक पुन्हा पाठव, आधीची लिंक दुसरीकडे गेली. यंदापासून प्रत्येक खेळाडूच्या घरच्या एका माणसाचा नंबर आम्ही फॉर्मवर वेगळा लिहून घेतोय, त्याच्या परवानगीने, म्हणजे लिंक थेट घरी जाईल.